कॉम्प्युटरला लावलेली शिस्त

३ मार्च, सोमवार. सकाळी.

कॉम्प्युटर बिघडला आहे. बंद पडलेला नाही. बंद पडला असता तर समजू शकले असते. चालू आहे, पण सांगितलेलं ऐकत नाही. मी ‘गुडघ्याचे व्यायाम’ असं टाइप केलं. क्षणभर पांढरा पडदा, आणि मग आपोआप दुसरंच पान उघडलं. पत्त्यांचा जुगार, चकाकणारी नाणी, आणि कोपऱ्यात एक बाई डोळा मारते आहे. मागे गेले, पुन्हा व्यायाम टाइप केले. या खेपेला बाई नव्हती, मनगटी घड्याळं होती. तिसऱ्यांदा केस उगवायचं तेल. गुडघा कुठेच नाही.

मुलीला मेसेज केला. ती नोकरीनिमित्त दूर असते. तिचं उत्तर आलं की ब्राउझरमध्ये काहीतरी शिरलंय आणि ते भलतीकडे पाठवतंय. ‘शिरलंय’ हा शब्द महत्त्वाचा. शिरलंय म्हणजे कुणीतरी दार उघडलं. या घरात माणसं दोन. त्यातली एक मी.

हे बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालत होते. पाठमोरे होते. पाठ जरा अपराधी वाटली.

मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून मी सव्वीस वर्षं काढली. चारशे मुली, एक फाटक, एक किल्ली. मुली माझ्यामागे मला ‘कुलूप’ म्हणत. मी ते मानाचं नाव समजत आले आहे. शिवाय कॉलेजात मला कॉम्प्युटरचा एक पेपर होता. आम्ही कार्डांना भोकं पाडून देत असू आणि आठवड्याने उत्तर येई. त्या मशीनने कधी डोळा मारला नाही. मूळ तत्त्वं तीच असतात.

संकल्प: शनिवारपर्यंत कॉम्प्युटर स्वच्छ. बाहेरची मदत घ्यायची नाही. दुरुस्तीवाल्याला तर नाहीच. मागच्या खेपेला तो न विचारता माझ्या खुर्चीत बसला होता.

ता. क. गुडघ्यामुळे गेले तीन रविवार वाचनालयाच्या समितीला गेले नाही. घरी होते म्हणून हा प्रकार लक्षात तरी आला. नाहीतर माझ्यामागे काय काय चाललं असतं कोण जाणे.

४ मार्च, मंगळवार.

चौकशी केली. जेवणाच्या टेबलावर, समोरासमोर.

ह्यांना विचारलं, कॉम्प्युटरवर तुम्ही काय उघडता? म्हणाले, बुद्धिबळ. आणखी काय? म्हणाले, बुद्धिबळ उघडायला जातो, आणि ते उघडलं की मग बुद्धिबळ. मी म्हटलं, मग ती बाई कोण? म्हणाले, कुठली बाई? मी म्हटलं, डोळा मारते ती. म्हणाले, मला तरी अजून कुणी मारलेला नाही, तुलाच मारते वाटतं. चौकशीच्या वेळी विनोद सुचणारा माणूस काहीतरी लपवत असतो, असा माझा अनुभव आहे.

बुद्धिबळाचं प्रकरण असं. माझे थोरले दीर, म्हणजे दादा, दुसऱ्या शहरात असतात. दोघा भावांचा एका साइटवर डाव चालतो. पहाटे ह्यांची एक चाल, आठला उठल्यावर त्यांची एक. एक डाव संपला की दुसरा लागतो. चाल करायला तीन दिवसांची मुदत. तेवढ्यात केली नाही तर डाव हरला. साइटचा हा एक नियम मला आवडतो. अकरा वर्षं झाली, दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. फोन नाही, येणं-जाणं नाही, नुसते घोडे आणि उंट. बोलण्याचा प्रश्न येत नाही म्हणून मीही कधी हरकत घेतली नाही.

भांडण म्हणावं तर झालंच नव्हतं. सासरे शेवटच्या आजारात आमच्याकडे होते, तेव्हा दादा एका संध्याकाळी बॅग घेऊन दारात उभे राहिले. भेटायची वेळ चार ते सहा होती. तसा कागद दारावर लावलेला होता, मोठ्या अक्षरात. सासऱ्यांचा नुकता डोळा लागला होता. मी म्हटलं, उद्या चारला या. ते उद्या आले नाहीत, परवाही आले नाहीत. आले ते एकदम अंत्ययात्रेला, आणि तिथूनच परत गेले. माणसाने इतकं डोक्यात राख घालून घेऊ नये.

असो. उपाय.

एक, कॉम्प्युटरचा पासवर्ड बदलला. दोन, ह्यांना उद्यापासून रोज संध्याकाळी पाच ते सहा, माझ्यासमोर. ह्यांनी विचारलं, सकाळी नाही का? दादा उठल्या उठल्या बघतो. मी म्हटलं, संध्याकाळी बघायची सवय होईल त्यांना. हे काही बोलले नाहीत. ह्यांचा हा एक गुण आहे.

तीन. दुपारी मशीनची कसून पाहणी केली. खाली कोपऱ्यात ढालीचं चित्र आहे, तो म्हणे अँटिव्हायरस. दर थोड्या वेळाने ‘धोका रोखला’ म्हणून जाहीर करतो. त्याला कुणी रोखायला सांगितलं होतं? त्याने रोखलेल्यांची नावं बघितली, तर त्यातल्या कितीतरी जणांना मी स्वतः परवानगी दिलेली.

हे मी कुणालाही समजावून सांगायला तयार आहे. जो फाटकाशी येऊन रीतसर विचारतो, तो चोर नसतो. चोर भिंतीवरून येतो. माझ्या सव्वीस वर्षांत एकाही लबाड मुलीने आधी विचारून लबाडी केली नाही. कॉम्प्युटरवर जे येऊन विचारतात, अलाऊ करता का, ॲक्सेप्ट करता का, ॲग्री आहात का, त्यांना मी म्हणूनच कधी अडवलेलं नाही. इतक्या नम्रपणे हल्ली विचारतं कोण? आणि हा ढालवाला न विचारता बघतो, न विचारता अडवतो. काढून टाकला. जाताना मात्र त्याने तीनदा विचारलं, नक्की काढू का? शिस्त जरा उशिरा सुचली त्याला.

५ मार्च, बुधवार.

पाच वाजता ह्यांना बसवलं. बाजूला खुर्ची घेऊन मी.

बुद्धिबळ टाइप केलं; जुगार आला. पुन्हा केलं; घड्याळं. तिसऱ्यांदा बुद्धिबळाचं पान अर्धं उघडलं, आणि त्यावर एक चौकट आली: तुमचा शोध जलद करायचा आहे का? ह्यांना घाई होतीच, म्हणून त्यांच्या हातातला माउस घेऊन मी अलाऊ दाबलं. सगळंच थांबलं. हे म्हणाले, अगं, ते कशाला दाबलंस? मी म्हटलं, विचारत होते. म्हणाले, विचारू दे की. मी म्हटलं, कुणी विचारलं तर उत्तर द्यायची रीत आहे. हे डोकं धरून बसले. मशीन पुन्हा सुरू होईपर्यंत सहा वाजले. वेळ संपली.

मग माझा मोबाइल मागत होते, त्यावर एक चाल करतो म्हणून. ह्यांचा स्वतःचा फोन बटणांचा आहे, त्यावर नुसतं बोलता येतं. दिला नाही. वसतिगृहात गालगुंडांची साथ आली होती, तेव्हा मी एका खोलीतली उशी दुसऱ्या खोलीत जाऊ दिली नव्हती. संसर्ग म्हणजे संसर्ग. हे म्हणाले, गालगुंडं नाहीयेत गं, माझा वजीर अडकलाय.

वजीर अडकल्याने कुणी दगावत नाही, असं म्हणाले मी त्यावर.

६ मार्च, गुरुवार.

दुपारी मुलीचा फोन आला. म्हणाली, आई, वर उजव्या कोपऱ्यात कोड्याच्या तुकड्यासारखं चित्र आहे ना, ते दाब. दाबलं. यादी उघडली. या जोडण्या असतात म्हणे ब्राउझरला. वाच, म्हणाली. मी वाचत गेले. हवामान. कूपन. स्वस्त विमानप्रवास. जलद शोध. अतिजलद शोध. सुरक्षित शोध. शोध-सहायक. मांजरांची चित्रं. अशा चौदा निघाल्या.

ती म्हणाली, आई, एवढं सगळं कुणी घेतलं? मी म्हटलं, घेतलं नाही, ते आले होते. म्हणाली, काढ सगळं. मी म्हटलं, यातल्या प्रत्येकाला माझी परवानगी आहे. यात बिनपरवाना कोण आहे तेवढं सांग, त्याला काढते. ती म्हणाली, बाबांना फोन दे. मी म्हटलं, बाबांवर संशय आहे, त्यांना यात घेता येणार नाही. पलीकडून ती हसली की खोकली ते समजलं नाही. म्हणाली, कशालाही हात लावू नकोस, पुढच्या महिन्यात मी येते. पुढच्या महिन्यात येऊन बघेल की सगळं केव्हाच निवळलंय.

संध्याकाळी ह्यांचा तास. बसता क्षणी पडदा लालभडक झाला आणि भोंगा वाजायला लागला. ‘तुमच्या कॉम्प्युटरला गंभीर धोका आहे. मशीन बंद करू नका. ताबडतोब या नंबरवर फोन करा.’ अखेर कुणीतरी जबाबदार माणूस भेटला तर. फोन लावला. हे हातवारे करून नको नको म्हणत होते. त्यांना का नको होतं ते उघड आहे.

पलीकडे एक गृहस्थ होते, आवाजावरून चाळिशीचे. अतिशय सभ्य. प्रत्येक वाक्याला मॅडम. म्हणाले, मॅडम, मी तुमच्या कॉम्प्युटरमध्ये येऊ का? असं विचारणारा माणूस मला कित्येक वर्षांत भेटला नव्हता. या म्हटलं. त्यांनी सांगितलेली बटणं दाबली आणि पडद्यावरचा बाण आपला आपण फिरू लागला. हे उठून वायर काढायला निघाले होते. मी त्यांना खाली बसवलं.

मग गृहस्थांनी बँकेच्या कार्डाचा नंबर विचारला. मी म्हटलं, देते. आधी तुमच्या वरिष्ठांचं नाव, कार्यालयाची वेळ आणि तुमच्या ओळखपत्राचा क्रमांक सांगा. ते चाचरले. म्हणाले, मॅडम, वेळ कमी आहे, विषाणू पसरतोय. मी म्हटलं, पसरू दे, तुम्ही सरळ बसून नीट वाक्यात उत्तर द्या. तुमचं शिक्षण किती? कुणाच्या हाताखाली शिकलात? या कामावर घरचे खूश आहेत का? म्हणाले, मॅडम, आम्हाला टार्गेट असतं हो. मी म्हटलं, टार्गेट मलाही होतं, चारशे मुलींचं, आणि मी त्यातली एकही हरवू दिली नाही. मग त्यांना दिनक्रम, लवकर उठणं आणि प्रामाणिक नोकरी याविषयी थोडक्यात सांगितलं. मध्येच त्यांनी फोन ठेवला. भरून आलं असावं. माणूस मुळात वाईट नव्हता; वळणावर येईल.

जाताना त्यांनी कॉम्प्युटरमध्ये तीन नव्या गोष्टी ठेवलेल्या दिसतात. सौजन्य म्हणून असतील.

या सगळ्यात ह्यांचा तास गेला. म्हणाले, उद्या सकाळी आठला मुदत संपते. मी म्हटलं, उद्या पहाटेच सगळं धुऊन काढते, मग खेळा हवे तेवढे डाव. म्हणाले, तेवढे नकोत गं. हा डाव.

इतका हट्ट ह्यांनी याआधी कशाचा केल्याचं आठवत नाही. संशय वाढला.

७ मार्च, शुक्रवार.

सकाळी उठून मोबाइलवर नीट वाचून घेतलं. ब्राउझरमध्ये साचलेला जुना कचरा पुसण्याची एक सोय असते. समोर आठ चौकोन येतात; काय काय पुसायचं त्यावर खूण करायची. बरेच लोक दोन-तीन खुणा करून सोडून देतात म्हणे. मला अर्धवट झाडलोट चालत नाही. आठही केल्या.

मशीन कोरं करकरीत. बक्षीस म्हणून ह्यांना वेळेआधी, साडेसातलाच बसू दिलं.

बुद्धिबळाचं पान या वेळी सरळ उघडलं. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे पडद्याकडे बघत होते. साइट पासवर्ड मागत होती. म्हणाले, हा तर इथे भरलेलाच असायचा. मी म्हटलं, तो पुसला. म्हणाले, पुसला म्हणजे? मी म्हटलं, आठ चौकोन होते.

पासवर्ड पाठ नाही का, असं विचारलं. म्हणाले, सात-आठ वर्षांपूर्वी एकदा टाकला होता, तेव्हापासून कुणी विचारलाच नाही. मग आठवून आठवून टाकत बसले. मुलीचं लाडाचं नाव. जुन्या घराचा नंबर. सासऱ्यांचं जन्मसाल. त्यानंतर साइटने विचारणंही बंद केलं. ईमेलवर नवा पासवर्ड मागवता येतो म्हणाले. ईमेलचा पासवर्डही त्या आठ चौकोनांत गेला होता.

आठ वाजले.

हे रागावले नाहीत. ओरडले असते तर मी उत्तर दिलं असतं. म्हणाले, आज शुक्रवार ना? हो म्हटलं. मग बाल्कनीत गेले आणि सकाळी घातलेलंच पाणी कुंड्यांना पुन्हा घातलं. कुंड्यांखालच्या बशा भरून वाहिल्या. फरशी मला पुसावी लागली.

एक डाव गेला तर नवा लावता येतो. नव्या नावाने खातं उघडता येतं. हे मी त्यांना बोलूनही दाखवलं. म्हणाले, दादाला कसं कळणार, तो मीच आहे म्हणून?

हा काही उत्तर देण्यासारखा प्रश्न नव्हता.

८ मार्च, शनिवार. सकाळी.

मोहीम ठरल्या मुदतीत फत्ते. मशीन स्वच्छ. कुणाचीही मदत न घेता. मुलीला तसं कळवलं.

दुपारी.

बाई परत आली. या खेपेला दोघी आहेत.

९ मार्च, रविवार.

ह्यांनी बोलणं जवळजवळ सोडलं आहे. ताटात अर्धं टाकतात. खुर्ची खिडकीकडे करून बसतात. हा प्रकार मला नवा नाही. मन खाऊ लागलं की मुलीही अशाच बसत आणि तिसऱ्या दिवशी येऊन सगळं ओकून टाकत. संधी द्यावी म्हणून विचारलं, काही सांगायचं आहे का?

म्हणाले, आज समितीला जाणार नाहीस? मी म्हटलं, गुडघा दुखतोय, कशी जाणार? म्हणाले, रिक्षा बोलावून देऊ का? मी म्हटलं, जिने चढायचे आहेत तिथे. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, गुडघा कसा आहे आता? दुपारपर्यंत तिसऱ्यांदा. एवढी काळजी बघून जरा बरं वाटलं. माणूस पश्चात्तापाच्या वाटेवर आहे.

संकल्प: ह्यांनी कबूल केलं की फार ताणायचं नाही.

१० मार्च, सोमवार.

जाऊबाईंचा फोन आला. दादांच्या पत्नी. अकरा वर्षांत पहिला. माझा नंबर मुलीकडून मिळवला म्हणाल्या.

नमस्कार नाही, चौकशी नाही, एकदम विचारलं, भावजी आहेत ना? मी म्हटलं, आहेत की, बाल्कनीत आहेत. म्हणाल्या, आहेत ना गं? तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की त्या काय विचारत होत्या. म्हणाल्या, शुक्रवारी सकाळी ह्यांच्या मशीनवर आलं, तुम्ही डाव जिंकलात. तेव्हापासून हे तिथून उठलेले नाहीत. म्हणतात, तो हरेल, पण चाल चुकवणार नाही. काहीतरी झालंय त्याला आणि आपल्याला कुणी कळवलं नाही. परवा ह्यांची बायपास आहे. डॉक्टर म्हणतात मन शांत ठेवा, आणि हे त्या डबड्यासमोर रडतायत.

मी म्हटलं, इकडे सगळं ठणठणीत आहे. हे फक्त शिस्तीत आहेत. म्हणाल्या, म्हणजे? कॉम्प्युटरचं प्रकरण थोडक्यात सांगितलं. त्या म्हणाल्या, भावजींना फोन दे.

ह्यांनी फोन घेतला. पलीकडे दादा आले असावेत, कारण हे ताठ उभे राहिले. बोलले तुटक. हो. हो. नाही रे. हो. शेवटी म्हणाले, वजीर मी देणारच होतो तुला, पुढच्या चालीत तूच फसला असतास. आणि फोन माझ्या हातात देऊन आत गेले.

बाहेर आले ते बॅग घेऊन. दाढीचं सामान, स्वेटर, प्रवासातला लोहचुंबकी बुद्धिबळाचा पट. मी विचारलं, कुठे? म्हणाले, दादाकडे. किती दिवस? म्हणाले, बघू. मी म्हटलं, गोळ्या घेतल्यात का? म्हणाले, घेतल्यात. आणि गेले.

विचारलं नाही. सांगितलंदेखील मी विचारलं म्हणून.

भाऊ आजारी आहे म्हटल्यावर मी काही अडवलं नसतं. पण बायपास आहे हे मला आज कळलं, आणि ह्यांचा चेहरा काही आज कळल्यासारखा नव्हता. हे कसं, याचा विचार करते आहे.

११ मार्च, मंगळवार.

घर शांत आहे. कुंड्यांना मी पाणी घातलं. बशा कोरड्या राहिल्या.

संशयित घराबाहेर आहे, तेव्हा मशीन तपासायची ही योग्य वेळ. ‘गुडघ्याचे व्यायाम’ टाइप केलं. जुगार. दोघी बायका. कॉम्प्युटर बंद करून, पुसून, पुन्हा लावला. घड्याळं. तेल. त्यानंतर एक नवीनच, माझ्या परिसरातले एकाकी पुरुष.

साथ ओसरायला वेळ लागतोच. रोगी गेला म्हणून खोली लगेच शुद्ध होत नाही.

दुपारी दोन चौकटी आल्या, एक हवामानाची, दुसरी शोध सुधारण्याची. अलाऊ. अलाऊ.

१२ मार्च, बुधवार.

दादांची शस्त्रक्रिया नीट पार पडली. हॉस्पिटलातून जाऊबाईंचाच फोन आला. जीव भांड्यात पडल्यावर माणूस बोलत सुटतं तशा बोलत होत्या. भावजी आले म्हणून बरं झालं गं, म्हणाल्या. आत नेईपर्यंत दोघे तो चुंबकाचा पट मांडून बसले होते. नर्स म्हणाली, आजोबा, आता पुरे, तर आमचे हे म्हणाले, याला एकदा मात देऊ दे, मग कुठे न्यायचं तिथे न्या.

मग हसत विचारलं, आणि तुझा कॉम्प्युटर झाला का साफ? भावजी म्हणत होते, तुझा गुडघा दुखतोय तेव्हापासून एकाही रविवारी हात लावायला मिळालेला नाही.

मी विचारलं, रविवारचा काय संबंध?

म्हणाल्या, अगं, तू समितीला गेलीस की ते बसायचे ना, तू आठवडाभर अलाऊ केलेलं सगळं काढायला. कितीतरी वर्षांपासून. आमच्या ह्यांनीच तर शिकवलं त्यांना, कुठे जायचं, काय दाबायचं. त्या बुद्धिबळाच्या पटाशेजारी लिहायची जागा असते, तिथे दर रविवारी लिहायचे, या आठवड्यात नऊ काढले. कधी अकरा. एकदा सतरा होते बाई. आमचे हे हसून हसून मला वाचून दाखवायचे.

मी म्हटलं, म्हणजे ते दोघे बोलतात?

म्हणाल्या, फोनवर नाही गं, फोन हातात घेतला की दोघांची दातखीळ बसते. लिहून मात्र दिवसभर चालू. काय जेवलास, गोळी घेतलीस का, बाबांचं हे आठवतं का, ते आठवतं का. ऑपरेशनची तारीख ह्यांनी मला सांगायच्या आधी भावजींना सांगितली होती. मग एकदम थांबल्या. म्हणाल्या, तुला माहीत नव्हतं?

मी म्हटलं, थोडंफार.

त्यांना कुणीतरी आतून हाक मारली. फोन ठेवला.

ही माहिती एकतर्फी आहे. शस्त्रक्रियेच्या दिवशी माणसाचं मन ठिकाणावर नसतं. तपासल्याशिवाय ती धरता येणार नाही.

संध्याकाळी.

तपासायचं कसं ते सुचलेलं नाही. सतरा हा आकडा जास्त वाटतो.

१३ मार्च, गुरुवार.

ह्यांना जे जमतं ते मला जमणार नाही असं नाही. सकाळी बसले, कोड्याचं चित्र दाबलं. आता वीस आहेत. वरून सुरुवात केली. हवामान: काढा. विचारलं, नक्की? नक्की. गेलं, आणि जाता जाता एक पान उघडून गेलं: आम्हाला का काढताय, कारण सांगाल का? कारण विचारल्यावर सांगणं भाग होतं. सविस्तर लिहिलं. खाली चौकट आली, तुमच्या सूचनेबद्दल आभार, सुधारलेली आवृत्ती हवी का?

हात आपोआप गेला.

कूपनच्या बाबतीत तसंच. मांजरांच्या वेळी मी ठरवलं की काही झालं तरी उत्तर द्यायचं नाही. माउस टेबलावर ठेवून हात मांडीखाली घेऊन बसले. चौकट काही जाईना. समोर तशीच उभी. एखाद्याला असं दारात ताटकळत ठेवणं मला बघवलं नाही.

दुपारी मोजले. बावीस.

सगळ्यांत चमत्कारिक म्हणजे ती ढाल. तिला परत बोलवावं म्हणून शोधायला गेले, तर तिच्या नावाने जुगार उघडला.

कॉम्प्युटर बंद केला. पासवर्ड त्याआधीच काढून टाकला होता; आता लावून कुणापासून राखायचं?

मुलीला फोन केला. म्हटलं, तुला माहीत होतं का, बाबा रविवारी काय करतात? म्हणाली, आई, मलाच काय, सगळ्यांना माहीत आहे. विचारलं, मग मला कुणी सांगितलं का नाही? म्हणाली, बाबा म्हणायचे, राहू दे, तिला विचारलेलं आवडतं, दाबू दे तिला, मी काढीन.

१४ मार्च, शुक्रवार.

सकाळी ह्यांना फोन केला. कारण तांत्रिक होतं: काढायची नेमकी पद्धत हवी होती. हे म्हणाले, राहू दे, आल्यावर बघतो. मी विचारलं, कधी? म्हणाले, दादाला सोमवारी घरी सोडतील. मग महिनाभर तरी त्याला कुणीतरी लागेल जवळ. वहिनी एकट्या आहेत.

आवाज चांगला खणखणीत होता. मागे कुणीतरी म्हणत होतं, अरे, घोडा उचलू नकोस, हलू देत नाहीयेत मला तर तू फसवणार का? दादांचा आवाज असावा. अकरा वर्षांनी ऐकला, लगेच ओळखता आला नाही.

मी म्हटलं, महिनाभर लागणार असेल तर मीही येते. आजारपणाचं मला कळतं. गोळ्यांच्या वेळा लावून देईन.

पलीकडे काही आवाज नाही. मी म्हटलं, ऐकू येतंय का? म्हणाले, हो.

मग मी म्हटलं, वेळा वगैरे राहू दे. नुसतीच येते. येऊ का?

हे म्हणाले, दादाला विचारून सांगतो. मी म्हटलं, शेजारीच आहेत ना, विचारा, मी धरते फोन. म्हणाले, आत्ता नको. जरा बघून विचारतो.

दुपारी फोन केला. जाऊबाईंनी घेतला. अजून विचारलेलं दिसत नाही, म्हणाल्या. मी म्हटलं, काही घाई नाही.

संध्याकाळच्या गाडीची वेळ बघून ठेवली होती, ती गेली. उद्या सकाळची आहे. बॅग भरून दाराशी ठेवली आहे, उचलायला हलकी होईल अशी. मोबाइलचा आवाज मोठा केला आहे.

उत्तर आलेलं नाही. नाही असंही आलेलं नाही.